रेडिटबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची जरा सविस्तर उत्तरं

गूगलवर काहीही शोधा, पहिल्या काही निकालांत रेडिटचा एखादा धागा दिसतोच, आणि बरेच जण तर मुद्दाम प्रश्नापुढे 'रेडिट' टाइप करून शोधतात कारण तिथे जाहिरातीचं नाही तर खऱ्या माणसाचं उत्तर मिळेल असं वाटतं. पण ते चालतं कसं, चालवतं कोण, हे फारसं कुणाला माहीत नसतं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. मला रेडिट मनापासून आवडतं, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

रेडिट म्हणजे फेसबुक-इन्स्टासारखंच काहीतरी ना?

नाही. तिकडे तुम्ही माणसांना फॉलो करता, इथे विषयांना. प्रत्येक विषयाचा वेगळा कट्टा असतो, त्याला सबरेडिट म्हणतात, आणि तिथे तुम्ही कोण आहात, फोटोत कसे दिसता, किती फॉलोअर आहेत याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. खरं नाव द्यावं लागत नाही. लिहिलेलं चांगलं असेल तर लोक अपव्होट देतात, पोस्ट वर जाते, नाहीतर डाउनव्होट मिळून तळाला जाते. बस्स एवढंच यंत्र आहे.

आकडे सांगायचे तर 2023 च्या शेवटच्या तिमाहीत रोज सरासरी 7 कोटी 31 लाख लोक येत होते, चालू कट्टे 1 लाखाहून जास्त, आणि तोवर जमलेल्या पोस्ट 100 कोटींच्या वर, कॉमेंट 1,600 कोटींच्या वर. हे कंपनीनेच शेअर बाजारात उतरताना कागदपत्रांत दिलेले आकडे आहेत.

सुरू कोणी केलं?

स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन, दोघं व्हर्जिनिया विद्यापीठातले रूममेट. त्यांची मूळ आयडिया रेडिटची नव्हतीच, त्यांना मोबाइलवरून जेवणाची ऑर्डर देता येईल असं काहीतरी करायचं होतं, आणि हे 2005 मध्ये, स्मार्टफोन येण्याच्या आधी. पॉल ग्रॅहम या प्रोग्रामर-गुंतवणूकदाराचं भाषण ऐकायला दोघं बॉस्टनला गेले, मग त्यांच्या वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेत अर्ज केला, मुलाखत झाली आणि नकार आला. परतीच्या ट्रेनमध्ये असताना ग्रॅहम यांचा फोन आला की तुम्ही दोघं आवडलात, आयडिया आवडली नाही, दुसरं काहीतरी करणार असाल तर या. दोघं मागे फिरले, आणि त्या चर्चेतून 'इंटरनेटचं पहिलं पान' ही कल्पना निघाली. जून 2005 मध्ये साइट सुरू झाली.

पहिला कोड लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत होता, त्याच वर्षाच्या शेवटी तो सगळा पायथनमध्ये नव्याने लिहिला. त्याच सुमारास अ‍ॅरन स्वार्ट्झ हा तरुण प्रोग्रामरही त्यांच्यात सामील झाला, त्याची इन्फोगामी नावाची कंपनी रेडिटमध्ये विलीन झाली.

सुरुवातीला खोटी अकाउंट वापरली होती हे खरं आहे का?

खरं आहे, हफमननेच नंतर उघडपणे सांगितलंय. साइट नवी, येणारं कुणी नाही, आणि रिकामी साइट बघून आलेला माणूसही परत जाणार, म्हणून संस्थापक दोघंच दिवसभर लिंका टाकायचे. त्यांच्याकडच्या पोस्ट टाकायच्या फॉर्मवर युजरनेमचा एक जादा रकाना होता, त्यात वाटेल ते नाव लिहिलं की त्या नावाचं अकाउंट आपोआप तयार व्हायचं, मग बघणाऱ्याला वाटायचं की इथे बरीच माणसं आहेत. काही महिन्यांनी त्यांनी काही न टाकताही पान भरायला लागलं.

याला कुणी फसवणूक म्हणेल. मला त्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे त्यांनी टाकलेल्या लिंका त्यांना स्वतःला वाचायला आवडतील अशाच होत्या, त्यामुळे जे लोक नंतर आले ते तसलंच वाचणारे आले आणि साइटचा सूर तिथेच लागला.

कॉमेंट पहिल्यापासून होत्या का?

नव्हत्या! पहिले सहा महिने फक्त लिंका आणि व्होट. कॉमेंटची सोय डिसेंबर 2005 मध्ये आली, आणि अगदी पहिली कॉमेंट कॉमेंटच्याच विरोधात तक्रार करणारी होती, की आता इथला दर्जा घसरणार. आज लोक लिंक न उघडता थेट कॉमेंट वाचायला जातात.

सबरेडिट कंपनी बनवते का?

आधी कंपनीच बनवायची, पण 2008 च्या सुरुवातीपासून ते सगळ्यांसाठी खुलं केलं आणि माझ्या मते रेडिटच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय तोच. कुणीही कट्टा काढायचा, नियम स्वतः ठरवायचे, आणि यातून जे काय तयार झालंय ते कुठल्याही ऑफिसात बसून कुणाला सुचलं नसतं.

उदाहरण म्हणजे 'ट्रीज' नावाचा कट्टा. नाव झाडांचं, पण तो आहे गांजा ओढणाऱ्यांचा. मग खरीखुरी झाडं आवडणाऱ्यांनी काय केलं, तर 'मारिजुआना एन्थुझियास्ट्स' नावाचा कट्टा घेतला आणि तिथे वड-पिंपळ-ओक असल्या झाडांचे फोटो आणि बुंध्याला कीड लागली तर काय करायचं असल्या गंभीर चर्चा वर्षानुवर्षं चालू आहेत. किंवा 'थॅनॉस डिड नथिंग राँग' हा कट्टा, तिथल्या लोकांनी 2018 मध्ये ठरवलं की 'अ‍ॅव्हेंजर्स' सिनेमात थॅनॉस या खलनायकाने अर्धं विश्व संपवलं तसं आपणही अर्ध्या सभासदांना बॅन करायचं, आणि बॅन व्हायला मिळावं म्हणून लाखो लोक येऊन सामील झाले. 9 जुलैला 3 लाखांहून जास्त लोकांना खरंच काढून टाकलं आणि ते सगळे खूश होते.

आणि दुसऱ्या टोकाला 'चेंज माय व्ह्यू'. तिथे तुम्ही तुमचं मत मांडायचं आणि लोकांनी ते बदलून दाखवायचं. ज्याने तुमचं मत थोडं जरी हलवलं त्याला तुम्ही 'डेल्टा' द्यायचा. म्हणजे आपलं मत बदललं हे इथे उघडपणे सांगायचं असतं आणि त्याचा मान समोरच्याला मिळतो, ऑनलाइन वादांत अशी पद्धत दुसरीकडे क्वचितच दिसते.

मॉड लोकांना पगार मिळतो का?

नाही, आणि रेडिटबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

मॉड म्हणजे मॉडरेटर, कट्ट्यावर लक्ष ठेवणारे. स्पॅम काढणं, शिव्या देणाऱ्यांना बाहेर करणं, नियम बसवणं, आत्महत्येचे विचार येणाऱ्या माणसाच्या पोस्टखाली कुणी घाण लिहिली तर ती लगेच उडवणं, हे सगळं ते फुकटात करतात. 2023 च्या शेवटी रोज काम करणारे असे मॉड 60,000 हून जास्त होते, आणि पगारी कर्मचारी होते साधारण 2,000. म्हणजे एका पगारी माणसामागे तीस बिनपगारी.

त्यांच्या कामाचा दर्जा बघायचा असेल तर 'आस्क हिस्टोरियन्स' वर जा. इतिहासाचे प्रश्न विचारायचे, आणि उत्तर द्यायचं तर ते सविस्तर आणि अभ्यास करूनच द्यायचं, कुणी पुरावा मागितला तर तो देता आला पाहिजे, 'मी कुठेतरी वाचलंय' चालत नाही, विकिपीडियाची लिंक चिकटवलेली चालत नाही. नवीन माणूस धागा उघडतो तर वर लिहिलेलं असतं शंभर कॉमेंट आणि आत एकही दिसत नाही, सगळ्या मॉडनी काढलेल्या. लोक चिडतात. पण दुसऱ्या दिवशी परत आलात तर तिथे एखाद्या अभ्यासकाने लिहिलेलं भलंमोठं उत्तर असतं, आणि ते वाचून झाल्यावर आधीच्या शंभर का काढल्या ते आपोआप कळतं.

मॉडना मदत करणारा ऑटोमॉडरेटर नावाचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, आहे, आज जवळजवळ सगळीकडे दिसतो. तोसुद्धा मुळात एका युजरने स्वतःच्या सोयीसाठी बनवला होता, रेडिटने नंतर तो आपल्यात घेतला.

एखादी पोस्ट वर येते ती नक्की कशी? नुसती जास्त व्होट मिळून?

नाही, वेळ पण मोजतात. रेडिटचा कोड 2008 पासून 2017 पर्यंत सगळ्यांना वाचायला खुला होता, त्यामुळे त्या काळातलं 'हॉट' या क्रमाचं सूत्र लोकांना पाठ आहे. पहिली 10 मतं जेवढं वजन टाकतात तेवढंच वजन पुढची 90 मतं मिळून टाकतात, आणि मग तेवढंच वजन टाकायला आणखी 900 लागतात. शिवाय साडेबारा तास उशिरा आलेल्या पोस्टला नवी म्हणून तेवढाच फायदा मिळतो, म्हणजे आत्ताची 10 मतांची पोस्ट आणि साडेबारा तासांपूर्वीची 100 मतांची पोस्ट शेजारी शेजारी उभ्या. म्हणूनच सुरुवातीची काही मिनिटं सगळं ठरवतात. आता सूत्र बरंच बदललंय, पण नवं वर आणि जुनं खाली हा गाभा तोच आहे.

कॉमेंटचं गणित वेगळं. तिथे क्रम लावायची 'बेस्ट' नावाची पद्धत आहे, ती 2009 मध्ये आली आणि तिची कल्पना एक्सकेसीडी ही कार्टून काढणाऱ्या रँडल मन्रो यांनी मांडली. आधी व्हायचं काय की जो पहिला येऊन काहीतरी लिहून जाई त्याला जास्त लोकांनी वाचलेलं म्हणून जास्त मतं, म्हणून तो वरच, आणि वर असल्यामुळे आणखी मतं. नव्या पद्धतीत एकूण मतं नाही तर चांगल्या मतांचं प्रमाण बघतात, आणि त्या प्रमाणावर किती भरवसा ठेवता येईल हेही बघतात. म्हणजे उशिरा आलेलं चांगलं उत्तरही वर येऊ शकतं. इतकी साधी आणि न्याय्य सुधारणा फार कमी साइट्सनी केलीय.

आणि हो, दिसणारा मतांचा आकडा तंतोतंत खरा नसतो, स्पॅम करणाऱ्यांना अंदाज येऊ नये म्हणून रेडिट तो मुद्दाम थोडा इकडेतिकडे करतं.

कर्माचे पैसे मिळतात का?

कर्मा म्हणजे तुमच्या पोस्ट-कॉमेंटला मिळालेल्या मतांचा अंदाजे हिशोब. नुसत्या कर्माचे पैसे मिळत नाहीत. एवढंच की काही कट्ट्यांवर अगदी कमी कर्मा असेल तर लिहू देत नाहीत.

सगळ्यात जास्त डाउनव्होट कशाला मिळालेत?

ईए या गेम कंपनीच्या एका कॉमेंटला, नोव्हेंबर 2017. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2' हा गेम पूर्ण पैसे देऊन घेतला तरी डार्थ व्हेडरसारखी पात्रं बंदच, ती उघडायला तासन्‌तास खेळा, अशी तक्रार एकाने केली. कंपनीकडून उत्तर आलं की खेळाडूंना काहीतरी मिळवल्याचा अभिमान वाटावा म्हणून असं ठेवलंय. त्या उत्तराला 6 लाख 60 हजारांहून जास्त लोकांनी खाली ढकललं, गिनीज बुकात नोंद झाली. पण खरी बातमी पुढची आहे, कंपनीने पात्रं उघडायची किंमत 75 टक्क्यांनी कमी केली आणि गेम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी आतली पैशांची खरेदीच बंद ठेवली.

ओबामांनी खरंच स्वतः उत्तरं दिली होती?

हो. रेडिटवर 'एएमए' नावाचा प्रकार आहे, कुणीही यावं आणि म्हणावं की मला काहीही विचारा. 29 ऑगस्ट 2012 ला बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना अर्धा तास बसले, निवडणुकीचा प्रचार चालू होता, आणि त्या दिवशी ते होते शार्लट्सव्हिलमध्ये, म्हणजे जिथे रेडिटचे संस्थापक शिकले त्याच गावात. इतकी गर्दी झाली की साइट अनेकांना उघडतच नव्हती. मोजून दहाएक प्रश्नांना उत्तरं दिली, पण एका सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाने टोपणनावाच्या लोकांच्या रांगेत येऊन बसणं हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. बिल गेट्स तर अनेकदा येऊन गेलेत.

माझं मत विचाराल तर प्रसिद्ध लोकांपेक्षा साध्या कामांतल्या लोकांचे एएमए जास्त वाचण्यासारखे असतात.

ते रंगीत चौकोनांचं काय प्रकरण होतं?

ते 'प्लेस'. 1 एप्रिल 2017 ला रेडिटने एक कोरा कॅनव्हास ठेवला, हजार बाय हजार चौकोनांचा. प्रत्येकाला एका वेळी एकच चौकोन रंगवता येणार, मग काही मिनिटं थांबायचं. एकट्याने काहीच होत नाही, म्हणून लोकांनी भराभर गट केले, नकाशे काढले, शेजारच्या गटांशी तह केले. जर्मनीचा झेंडा पसरत पसरत फ्रान्सच्या झेंड्यावर चढला, भांडण झालं, आणि शेवटी तिथे युरोपियन युनियनचा झेंडा आणि पांढरं कबुतर उमटलं. एक काळा ठिपका 'व्हॉइड' नावाने सगळं गिळत सुटला होता, तोही एक गटच. 72 तास, 10 लाखांहून जास्त माणसं, कुणी नेता नाही, कुणी पूर्ण चित्र ठरवलेलं नाही.

2022 मध्ये परत केलं, कॅनव्हास मोठा, आणि शेवटी सगळ्यांना फक्त पांढरा रंग वापरता येईल असं केलं, म्हणजे ज्यांनी काढलं त्यांनीच आपल्या हाताने पुसलं. 2023 मध्येही झालं.

त्याआधी 2015 मध्ये 'द बटन' होतं, 60 सेकंदांचं घड्याळ, कुणी बटण दाबलं की परत 60, आणि एका अकाउंटला आयुष्यात एकदाच दाबता येणार. लोकांनी ते 1 एप्रिलपासून 5 जूनपर्यंत चालू ठेवलं.

रेडिटमुळे बाहेरच्या जगात कधी काही बदललं का?

बऱ्याचदा. 2007 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने एका हंपबॅक व्हेलला नाव देण्यासाठी ऑनलाइन मतदान ठेवलं, बाकी सगळी नावं भारदस्त, एक होतं 'मिस्टर स्प्लॅशी पँट्स'. रेडिटकरांनी ते उचललं आणि तीन चतुर्थांशाहून जास्त मतांनी जिंकवलं. ग्रीनपीसला आधी ते रुचलं नव्हतं, पण त्या नावामुळे मोहिमेचा एवढा गाजावाजा झाला की काय सांगावं, आणि त्याच डिसेंबरात जपानने हंपबॅकची शिकार करायचा बेत मागे घेतला. एका नावामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण लक्ष वेधलं गेलं हे नक्की.

आणि जानेवारी 2021 चं गेमस्टॉप, ही व्हिडिओ गेम विकणारी अमेरिकन कंपनी. मोठ्या फंडांनी हा शेअर पडणार म्हणून पैसे लावलेले, 'वॉलस्ट्रीटबेट्स' कट्ट्यावरच्या लोकांनी तो विकत घ्यायला सुरुवात केली, महिन्याच्या सुरुवातीला 20 डॉलरच्याही खाली असलेला भाव 28 जानेवारीला दिवसाच्या आत 483 डॉलरला टेकला. मेल्विन कॅपिटल या फंडाचे त्या एका महिन्यात 53 टक्के गेले. पण भाव वर असताना शेअर घेतलेल्या अनेक छोट्या लोकांचेही पैसे गेले, ते विसरू नका.

मग सगळं चांगलंच आहे का?

अजिबात नाही. एप्रिल 2013 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटानंतर रेडिटवरच्या लोकांनी फोटो बघून स्वतःच गुन्हेगार शोधायला घेतले आणि एका बेपत्ता विद्यार्थ्यावर संशय घेतला, ज्याचा काहीच संबंध नव्हता. त्याच्या घरच्यांवर काय बेतलं असेल. रेडिटला जाहीर माफी मागावी लागली. द्वेष पसरवणारे आणि त्याहून घाणेरडे कट्टे कंपनीने वर्षानुवर्षं चालू दिले, जून 2020 मध्ये नियम कडक करून 2,000 च्या आसपास एकदम बंद केले, हे फार आधी व्हायला हवं होतं.

आणि 2025 मध्ये कळलं की झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी वर सांगितलेल्या 'चेंज माय व्ह्यू' वर एआयने लिहिलेल्या कॉमेंट माणसांच्या म्हणून टाकल्या, कुणाला न विचारता. जिथे लोक प्रामाणिकपणे मत बदलायला येतात तिथे हे केलं याचा मला आजही राग येतो.

'ब्लॅकआउट' म्हणजे काय?

मॉड लोक निषेध म्हणून आपापले कट्टे बंद करायचे, ते. 2015 मध्ये एएमए सांभाळणाऱ्या एका लोकप्रिय कर्मचारी बाईंना अचानक काढलं तेव्हा शेकडो कट्टे बंद झाले, आठवड्याभरात तेव्हाच्या सीईओ एलेन पाओ पायउतार झाल्या आणि हफमन परत आला. (जानेवारी 2012 मध्ये तर 'सोपा' (SOPA) या ऑनलाइन पायरसीविरुद्धच्या कायद्याच्या प्रस्तावाविरुद्ध कंपनीने स्वतःच 12 तास साइट बंद ठेवली होती.)

सगळ्यात मोठा जून 2023 चा. बाहेरच्या अ‍ॅप्सना डेटा वापरायचे पैसे लावले, ते इतके की रेडिट वाचायच्या अपोलो नावाच्या अ‍ॅपच्या हिशोबाने वर्षाला 2 कोटी डॉलर. 12 जूनपासून 8,000 हून जास्त कट्टे बंद. कंपनी हटली नाही, मॉडना हटवायची तंबी दिली, तेव्हा 'पिक्स' या फोटोंच्या कट्ट्याने मतदान घेऊन फक्त जॉन ऑलिव्हर या टीव्हीवरच्या विनोदी सूत्रधाराचेच फोटो टाकायचे असा नियम केला. अपोलो 30 जूनला बंद झालं.

कंपनी कुणाची आहे आणि पैसे कुठून येतात?

2006 मध्ये काँडे नास्ट या मासिकं काढणाऱ्या कंपनीने घेतली, पुढे त्यांची मूळ कंपनी अ‍ॅडव्हान्सकडे गेली, आणि 21 मार्च 2024 ला न्यूयॉर्क शेअर बाजारात आली, 34 डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी 50.44 वर बंद झाला. विक्रीतले साधारण 8 टक्के शेअर जुने युजर, मॉड वगैरेंसाठी राखून ठेवले होते. मुख्य कमाई जाहिरातींची. एवढी जुनी साइट पण 2023 पर्यंत तोट्यातच होती.

आता एआय कंपन्यांना डेटा देऊनही पैसे येतात, 2024 मध्ये गूगल आणि ओपनएआय दोघांशी करार झाले. म्हणजे कुणीतरी रात्री बसून कुणाच्या तरी बिघडलेल्या मशीनवर फुकट लिहिलेलं उत्तर आता विकलं जातंय. लिहिणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही, आणि हे मला पटत नाही.

अकाउंट डिलीट केलं तर माझं लिहिलेलं पण जातं का?

जात नाही. तुमचं नाव तेवढं जातं, त्या जागी 'डिलीटेड' दिसतं आणि मजकूर तसाच राहतो. सगळं काढायचं असेल तर आधी एकेक पोस्ट-कॉमेंट उडवा आणि मग अकाउंट बंद करा, कारण अकाउंट गेल्यावर ते उडवायची सोय राहत नाही.